सहल काढा, डोंगर आपोआप दिसतो

तुमच्या ओळखीत कुणाची मिनीबस आहे? घरात मोठ्या आवाजाचा, पण दुसरं काहीच काम नसलेला मेहुणा आहे? मग वेळ दवडू नका. 'डोंगर आणि रेल्वे दर्शन, एक दिवस, गाइडसह' अशी सहल काढून मोकळे व्हा. सातमाळा रांगेचे डोंगर कुणाच्या बापाचे नाहीत, रेल्वे सरकारची आहे, मध्ये उभं राहून पैसे तेवढे तुम्ही घ्यायचे. ऐन श्रावणात जळगावहून निघालेल्या अशा एका सहलीला मी माणशी बाराशे रुपये मोजून घरच्यांना घेऊन गेलो होतो, म्हणून हा सल्ला ताजा आणि फुकट.

जाहिरातीत फोटो कुठलाही टाका. आमच्या जाहिरातीत निळगिरीची गाडी होती. डोंगर तो डोंगर.

वेळ सहाची द्या, बस साडेसातला आणा.

नाश्त्याला मात्र घाई नको. ढाबा असा निवडा की मालक तुम्हाला बघून गल्ल्यावरून उठला पाहिजे. तिथे पाऊण तास. मग चहाला दुसरा ढाबा, तिथेही मालक उठला पाहिजे. कागदावर 'अस्सल खान्देशी जेवण' लिहिलेलं असलं तरी मनाला लावून घेऊ नका. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी लोक घरी खातातच की. बसमधल्यांना पनीर द्या, गोडसर.

आता रेल्वे. कागदावर ठळक अक्षरांत 'पाचोरा-जामनेर नॅरोगेज, पीजेचा अविस्मरणीय प्रवास' असं छापा. ती गाडी चालू आहे की नाही हे बघायच्या फंदात पडू नका. आम्हाला पाचोऱ्याला उतरवून उभं केलं. अडीच फुटी रुळांवरची ही छोटी गाडी, म्हणजेच पीजे, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत 56 किलोमीटर जायची. बसमधल्या निम्म्या लोकांचं आजोळ नाहीतर सासर त्याच वाटेवर. आमच्यातल्या एका आजींनी तर खिडकीजवळची जागा आधीच सांगून ठेवली होती. वीस मिनिटं झाली. त्यांनी गाइडला विचारलं, "भाऊ, रेल्वे कोठे शे?" गाइड घड्याळाकडे बघत म्हणाला, "येईलच आजी, लेट असेल." पलीकडचा पानवाला चुना लावता लावता थांबला. "ती ते कव्हयनीच बंद पडनी," तो म्हणाला, आणि पुन्हा चुना लावू लागला. आजी काही बोलल्या नाहीत. पिशवी उचलली आणि बसकडे चालू लागल्या. शंभरी गाठलेली गाडी 2020च्या लॉकडाउनमध्ये थांबली ती थांबलीच, आता तिथे ब्रॉडगेज व्हायचंय. हे पाचोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गाइडला तेवढं नव्हतं. आणि त्याने पुढे काय करावं? माइक हातात घेऊन "चला, आता एक ग्रुप फोटो!"

माइक तर हवाच. त्यावरून ठोकून द्या. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या देवळाशी आमचा गाइड म्हणाला, "भास्कराचार्यांनी इथेच शून्याचा शोध लावला." टाळ्याही पडल्या. ब्रह्मगुप्ताने शून्याचे नियम 628 सालीच लिहून ठेवलेत आणि भास्कराचार्य जन्मले 1114 साली, पण टाळ्यांपुढे सनावळीचं काय चालतं? खरी गोष्ट सांगितली असती तर ती काय कमी होती? भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून मठ उभारला आणि इथल्याच पाटणे गावच्या शिलालेखात तसं कोरून ठेवलं. चांदण्यांचं गणित मांडणाऱ्या माणसासाठी आपल्या तालुक्यात मठ होता! पण नाही. शून्य, टाळ्या, आणि "दहा मिनिटांत दर्शन उरका." धवलतीर्थाचा धबधबा बसमधूनच हात करून दाखवला. दिसलं ते झाड होतं.

कन्नड घाटाचं काही सांगत नाही. तुम्ही गेलेले आहात.

पितळखोऱ्याची लेणी 'वेळेअभावी' रद्द करा. वेळ कुठे गेला ते दोन्ही ढाबेवाल्यांना विचारा.

आणि चाळीसगाव! स्टेशनाच्या हाकेवर केकी मूस यांचं घर आहे. जवळजवळ पन्नास वर्षं या फोटोग्राफरने त्या घराचा उंबरठा सहसा ओलांडला नाही. रात्री मुंबईकडून येणाऱ्या गाडीची वाट बघत असायचे, असं गावात सांगतात. रेल्वे दर्शन म्हणून यापेक्षा वेगळं काय दाखवायचं असतं? मी बस थांबवा म्हटलं तर गाइड म्हणतो, "काका, तो कुठला तरी फोटो स्टुडिओ आहे."

बस झाला सल्ला. अहो, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव ही तिन्ही स्टेशनं एकाच लाइनीवर आहेत! नव्वदेक किलोमीटरचं अंतर. रेल्वे दाखवायच्या नावाखाली पैसे घेता आणि माणसांना दिवसभर बसमध्ये कोंबता? सकाळच्या गाडीत बसवलं असतं, चाळीसगावला उतरवून पुढे जीप केली असती, तर पाटणादेवी निवांत झाली असती, पितळखोरा झालं असतं, आणि पोरांना रेल्वेत बसल्याचं सुख तरी मिळालं असतं. पण रेल्वेत ढाबा नाही आणि ढाब्याशिवाय तुमचं कमिशन नाही, हे कळायला आम्ही काय दूधखुळे आहोत? सहलीला निघण्याआधी एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या पायाने ती वाट फिरून यायला काय झालं होतं? पाचोऱ्याला एक फोन लावला असता तरी त्या आजींना तिथे उभं करावं लागलं नसतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला तुम्ही बंद पडलेल्या गाडीसाठी उन्हात उभं केलंत आणि वर फोटोला हसायला सांगितलंत.

पुढच्या रविवारची जाहिरात काल आली. त्यात पीजे आहेच. आधी ती गाडी तिथून काढा.