शिंगं किती, वेग किती

राऊटर घ्यायचा ठरल्यावर चिरंजीवांनी वाय-फाय सहा, गिगाबिट, बीमफॉर्मिंग वगैरे माझ्याकडून पाठ करून घेतलं. आईची अट एकच: दिसायला बरा हवा. तापकीर गल्लीतल्या दुकानदाराचा हिशोब याहून सोपा होता. जितकी शिंगं (म्हणजे अँटेना) जास्त तितका वेग जास्त, आणि पैसेही.

खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरांत ‘एएक्स ३०००’. हे तीन हजार म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या बँडचे (रेडिओलहरींच्या पट्ट्याचे) ५७४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला तितके मेगाबिट, आणि ५ गिगाहर्ट्झचे २४०२ यांची बेरीज. उरलेले २४ कंपनीकडून आहेर. आपला फोन सहसा एका वेळी एकाच बँडवर बसतो. मुलाचा नि बापाचा पगार एकत्र सांगून स्थळ खपवावं, तसा हा मामला. बरं, आमचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागलं की सेकंदाला साडेबारा एमबी (मेगाबाइट) हातात.

स्वस्तातला ‘एसी १२००’ राऊटरही पाहिला. त्याच्या पाठीला केबल खोचायची ‘फास्ट इथरनेट’ची भोकं, ती १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाहीत. “उद्या प्लॅन वाढवला तर?” चिरंजीव म्हणाले. पैसे कोण भरणार, ते मात्र बोलले नाहीत.

आला एकदाचा एएक्स. आता ठेवायचा कुठे? शास्त्र सांगतं, घराच्या मधोमध, उंचावर, मोकळ्यात. आमच्याकडे मधोमध, उंचावर देव आहेत. आईने नुसतं माझ्याकडे बघितलं. फ्रिजवर म्हणावं तर शेजारी मायक्रोवेव्ह, त्याचाही कारभार २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास. वरण गरम होईस्तोवर माझ्या मीटिंगमधला साहेब तोंड उघडं ठेवून थिजलेला. हॉलमध्ये ठेवला, तर पाहुणे येणार म्हणून बायकोने तो फुलदाणीमागे सारला. आणि हॉलपासून चिरंजीवांच्या खोलीपर्यंत दीड फुटी जुनी भिंत, भिंतीला टेकून आजोबांचं लोखंडी कपाट. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपाशीच दम टाकतो. २.४ कसाबसा भिंत ओलांडतो, पण कपाटापुढे तोही हात टेकतो.

कपाट हलवायचं तर आधी साड्या बाहेर काढायच्या, म्हणजे दिवाळी. दुकानदाराने फोनवर तोडगा सुचवला: मेश घ्या, म्हणजे आणखी एक राऊटर. मी केबल आणली आणि वायरलेस राऊटरपासून थेट पोराच्या खोलीपर्यंत खिळ्यांवर ताणली.

त्याला आता ९४ मिळतात. आई त्या केबलवर ओटा पुसायची फडकी वाळत घालते. मी टेस्ट लावून पाहिली, ओल्या फडक्यांसकट ९४च.