आठवडाभर एकाच किनाऱ्यावर काय केलं? गुहागरच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. रॉबिन हूड्स बेच्या पोस्टखाली तुम्ही लिहिलेलं सगळं नीट वाचलं, आणि त्याला चार ओळीत उत्तर देणं बरं वाटेना म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ज्यांनी ती पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते, आम्ही पाच जण म्हणजे मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई, ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या लीड्सहून यॉर्कशरच्या किनाऱ्यावर गेलो आणि रॉबिन हूड्स बे गावाच्या जवळ कॅरॅव्हॅन पार्कात (चाकांवरच्या छोट्या घरांच्या तळावर) एक आठवडा राहिलो. त्यावर ताईंचं म्हणणं असं, की नॉर्थ सीचं गारठलेलं पाणी, पाऊस आणि दगड बघण्यात आठवडा फुकट घालवलात, तेवढ्या पैशात स्पेन झालं असतं, नाहीतर निदान लंडन-स्कॉटलंड करून सासूबाईंना काहीतरी दाखवता आलं असतं. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांनी असल्या किनाऱ्याचं कौतुक करावं याचं त्यांना नवल वाटतं. आणि इंग्लंडातली समुद्रकाठची गावं गरीब होत चाललीयत, रिकामी पडत चाललीयत, ते मी लिहिलंच नाही.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे येतेच. पण आधी 'आठवडा फुकट' याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

इथल्या लोकांची ही आठवड्याची सुट्टी काही हौसेतून आलेली नाहीये. यॉर्कशर-लँकशरच्या गिरण्यांमधले कामगार वर्षभर राबायचे, लँकशरमध्ये तर अख्ख्या गावाच्या गिरण्या एकाच आठवड्यात बंद व्हायच्या आणि गावच्या गाव रेल्वेनं ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायचं. आमच्या बाजूचे लोक स्कारबरोला, ब्रिडलिंग्टनला. स्कारबरोला रेल्वे आली १८४५ साली. पण त्या आठवड्याचा पगार बहुतेकांना मिळायचा नाही, वर्षभर पैसे साठवून जायचं, आणि पगारी सुट्टीचा कायदा झाला तो थेट १९३८ मध्ये. म्हणजे हा एक आठवडा लोकांनी मागून, भांडून मिळवलेला आहे. आणि तो ते एकाच ठिकाणी घालवायचे, त्याच गावात, पुष्कळदा त्याच बाईच्या घरी खोली घेऊन, वर्षानुवर्षं. रोज नवीन ठिकाण, रोज सामान बांधा-सोडा, हे त्यात नव्हतंच. मला ही पद्धत मनापासून पटते.

का पटते ते सांगते. समुद्र एका दिवसात कळत नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. आम्ही गेलो तेव्हा अमावास्या नुकतीच झाली होती, त्यामुळे सुरुवातीला भर दुपारी पाणी इतकं लांब गेलेलं की खडकांचे लांबच लांब वळणदार पट्टे उघडे पडायचे, इथले लोक त्यांना स्कार म्हणतात, त्यावरून चालत आत आत जाता येतं. आणि आठवडा संपता संपता ओहोटी गेली संध्याकाळवर, ती पण भांगाची, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं त्या दिवसांतली, त्यामुळे पाणी फार मागे हटलंच नाही. एक दिवस राहून गेलेल्याला यातलं एकच चित्र दिसतं.

सासूबाई हर्णैच्या. लहानपणी ओहोटीला कालवं काढायला गेलेल्या आहेत. त्यांचा हिशोब तोंडपाठ, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, द्वितीयेला दीड, षष्ठीला साडेचार. पहिल्याच दिवशी त्यांनी फोनवर तिथी बघितली आणि म्हणाल्या दीडला भरती, दुपारी खाली जायला नको. आणि प्रत्यक्षात बाराच्या सुमाराला पाणी पार तळाला! त्या अस्वस्थच झाल्या. मग गावातल्या दुकानातून भरती-ओहोटीच्या वेळांची छोटी पुस्तिका आणली, रोज सकाळी चहाबरोबर ती आणि पंचांग शेजारी शेजारी ठेवून बघायच्या, आणि दोन-तीन दिवसांनी त्यांनीच मुलांना समजावलं की वेळ जुळत नाही पण उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग मात्र बरोबर जुळतात, कारण चंद्र तोच आहे, पाण्याची वाट वेगळी आहे. ते खरंही आहे, इथे भरतीची लाट स्कॉटलंडच्या वरून वळसा घालून पूर्व किनाऱ्यानं खाली दक्षिणेकडे येते, म्हणून उत्तरेकडच्या व्हिटबीला आधी भरती येते आणि दक्षिणेकडच्या स्कारबरोला नंतर. माझी मुलं लीड्समध्ये वाढलीयत, त्यांना तिथी म्हणजे काय हे मी कितीदा सांगितलं असेल, ते कधी डोक्यात शिरलं नाही, इथे आपोआप शिरलं. लंडनला बिग बेनसमोर उभं करून सासूबाईंना मी काय दाखवणार होते जे याच्यापेक्षा मोठं आहे?

अजून एक. ओहोटीला खडकांवर लिंपेट दिसतात, छोट्या टोपीसारखं शंकूच्या आकाराचं कवच, दगडाला इतकं घट्ट चिकटलेलं की हातानं हलत नाही. तो प्राणी भरतीच्या पाण्यात फिरतो, दगडावरचं शेवाळ खरवडून खातो आणि पाणी ओसरायच्या आत पुन्हा स्वतःच्याच जागेवर येऊन बसतो. जागा पण अशी की वर्षानुवर्षं घासून दगडावर त्याच्या कवचाच्या मापाची गोल खाच पडलेली असते. थोरलीनं एक खडक धरला, वहीत त्याचा नकाशा काढला, त्यावरच्या प्रत्येक लिंपेटला नंबर दिला आणि रोज ओहोटीला जाऊन तपासायची. सगळे आपापल्या घरी. एका दिवशी धाकट्यानं विचारलं की रात्री पण जातात का गं बाहेर, मग त्यावर अर्धा तास चर्चा. ताई, यात पैसा लागला नाही, तिकीट लागलं नाही, फक्त रोज त्याच खडकापाशी परत जाता यायला हवं होतं.

दगडांबद्दल तुम्ही लिहिलंत, 'दगडच बघायचे तर सह्याद्रीत काय कमी आहेत'. सह्याद्री बेसॉल्टचा, लाव्हारसाचा, त्यात समुद्री जीवांचे जीवाश्म नाहीत. इथल्या काळ्या शेलच्या, म्हणजे गाळाच्या खडकाच्या थरांमध्ये सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचे ॲमोनाइट सापडतात, गुंडाळीसारखे शंख, दगड झालेले. व्हिटबीच्या लोकांची जुनी कथा अशी की सेंट हिल्डानं, म्हणजे जिनं ६५७ साली तिथला मठ स्थापन केला तिनं, तिथल्या सापांना दगड केलं, आणि पूर्वी विकणारे लोक त्यावर चक्क सापाचं डोकं कोरून विकायचे. सासूबाईंनी असा एक गोल दगड हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आणि म्हणाल्या, अगं हा तर शाळिग्राम. आणि बरोबरच आहे, आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम हा ॲमोनाइटच, तोही समुद्रातलाच, हिमालय वर यायच्या आधी तिथे समुद्र होता तेव्हाचा. एकाच जातीच्या जीवाला कुणी साप म्हटलं, कुणी विष्णूचं चक्र म्हटलं. त्या संध्याकाळी कॅरॅव्हॅनमध्ये पिठलं-भात खाताना दुसरा विषयच नव्हता. (कड्याखाली उभं राहून दगड फोडायचे नाहीत हं, कडे ठिसूळ आहेत, कधीही ढासळतात, खाली सुटे पडलेले तेवढेच बघायचे.)

आता गारठा. हो, पाणी गार आहे, ऑगस्टमध्ये सुद्धा चौदा-पंधरा अंश. मुलं वेटसूट घालून जातात, मी गुडघ्यापर्यंत. एक अख्खा दिवस फ्रेटमध्ये गेला, म्हणजे गरम हवा थंड समुद्रावर आली की जे दाट धुकं होतं ते, दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. त्या दिवशी बसनं व्हिटबीला गेलो, बंदरावर मुलांनी दोरीला बेकनचा तुकडा बांधून खेकडे पकडले, बादलीत ठेवून मोजले आणि परत सोडले. सासूबाईंना धुरात सुकवलेले हेरिंग, म्हणजे किपर, फार आवडले, सुक्या बांगड्याची आठवण झाली म्हणाल्या. पाऊस पडला म्हणून आमचं काही अडलं नाही.

पैशाचं म्हणाल तर शाळेच्या सुट्टीत पाच जणांचं विमान, बॅगा, हॉटेलच्या दोन खोल्या हे गणित आमच्या घराला जमणारं नाही, आणि शाळा चालू असताना मुलांना नेलं तर दंड आहे, एका मुलामागे प्रत्येक पालकाला ऐंशी पौंड. कॅरॅव्हॅनमध्ये गॅस आहे, कुकर आपला, डाळ-तांदूळ आपले. आम्हाला परवडलं आणि वर्षभराचं कर्ज झालं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि आता तुमचा तो मुद्दा. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि ते बोललंच पाहिजे. १९६०-७० नंतर स्पेनची स्वस्त विमानं सुरू झाली, लोक तिकडे जायला लागले आणि इथल्या कितीतरी गावांचा धंदा बसला. मोठमोठी बोर्डिंग हाउस रिकामी पडली, मग त्यांच्या स्वस्तातल्या भाड्याच्या खोल्या झाल्या. काम आहे ते उन्हाळ्यापुरतं. एसेक्सच्या किनाऱ्यावरचं जेविक हे सरकारी पाहणीत पुन्हा पुन्हा इंग्लंडमधली सगळ्यात वंचित वस्ती ठरलंय, आणि देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०२१ चा आपला वार्षिक अहवाल अख्खा किनाऱ्यावरच्या लोकांच्या आरोग्यावरच लिहिला. आमच्या बाजूला त्रास वेगळ्या प्रकारचा आहे. रॉबिन हूड्स बेमध्ये घरं इतकी सुंदर की बाहेरचे लोक विकत घेऊन सुट्टीपुरती भाड्यानं देतात, हिवाळ्यात गल्लीच्या गल्ली अंधारात, आणि तिथेच जन्मलेल्या पोराला घर परवडत नाही. २०२२ मध्ये व्हिटबीत यावर मतदान झालं, नवीन घरं कायम राहणाऱ्यांनाच विकावीत या बाजूनं मत देणाऱ्यांपैकी दहातल्या नऊहून जास्त लोक उभे राहिले. म्हणून आम्ही गावातलं कॉटेज घेत नाही, कॅरॅव्हॅनच घेतो, आणि भाजी, ब्रेड, मासे गावातल्या दुकानातूनच. पाण्याचाही त्रास आहेच, जोरदार पाऊस झाला की जुन्या गटारांचं पाणी समुद्रात सोडलं जातं, म्हणून पाऊस झाल्यावर एक-दोन दिवस मुलांना पाण्यात सोडत नाही. पण ताई, गाव अडचणीत आहे म्हणून तिथे जाऊ नये, तिथलं चांगलं लिहू नये, हे मला पटत नाही. तिथे आठवडाभर राहणारी माणसं गेली तर त्या दुकानांचं काय?

कोकणाबद्दल तुम्ही लिहिलंत त्यानं वाईट वाटलं, कारण मी तुलना केली नव्हती आणि करणारही नाही. पण एक बोलते. आपल्याकडे पुण्या-मुंबईचा माणूस कोकणात शनिवारी पोचतो, मासे खातो, पाण्यात उतरतो आणि रविवारी दुपारी गाडीत बसतो. उधाण कधी, भांग कधी, पाण्याची ओढ कुठून कुठे, काही माहीत नसतं त्याला, आणि गावातला माणूस ओरडून सांगतो ते ऐकत नाही, मग दर वर्षी बुडाल्याच्या बातम्या येतात. इथे पोहायचं ते जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच, हे पाच वर्षांच्या पोराला पण माहीत असतं. ही शिस्त फुकट आलेली नाही. १८६१ च्या फेब्रुवारीत व्हिटबीच्या वादळात लाइफबोटीवरचे, म्हणजे समुद्रात अडकलेल्यांना वाचवायला जाणाऱ्या बोटीवरचे, तेरातले बारा जण गेले, एकटा हेन्री फ्रीमन वाचला कारण त्याच्या अंगात नवीन प्रकारचं कॉर्कचं जॅकेट होतं. आजही इथली लाइफबोट संस्था मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते आणि बोटीवर जाणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. हर्णैला, गुहागरला, वेळासला लोकांनी आठवडाभर राहावं, भरतीचं कोष्टक हातात घेऊन राहावं, असं मला फार वाटतं. सासूबाईंना जे येतं ते त्यांच्या गावच्या किनाऱ्यावर आलेल्या पाहुण्यांना कुणीतरी शिकवायला हवं.

तुमचा भाचा मँचेस्टरला असतो आणि 'तिथे बघण्यासारखं काही नाही' म्हणाला, त्याला माझ्याकडून एवढं सांगा. गाडी वरच्या कार पार्कात लावायची, खाली गावात पाहुण्यांच्या गाड्या जात नाहीत आणि उतार खूप आहे, गुडघे दुखत असतील तर चढताना थांबत थांबत यायचं. जवळच्या बॉगल होल या छोट्या खाडीकडे किनाऱ्यानं चालत जायचं असेल तर पाणी उतरत असतानाच निघायचं, भरती चढायला लागली की मधे अडकायला होतं, मग वरच्या पायवाटेनं परत यायचं. बॉगल होलला जुन्या गिरणीत यूथ हॉस्टेल आहे, एकट्या माणसाला ते स्वस्त पडतं. वेटसूट नसला तरी चालेल, पण जुने बूट न्यायला सांगा, शेवाळावरून घसरायला होतं. आणि शक्य असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस धरून जा म्हणावं.