संक्रांत पानिपतावर कोसळली नव्हती

दर जानेवारीत एक मजकूर फोनवर फिरतो. '14 जानेवारी 1761, मकर संक्रांत. पानिपतावर लाख मराठे पडले, म्हणून "संक्रांत कोसळणे" हा वाक्प्रचार आला. तिथेच दत्ताजी शिंदे "बचेंगे तो और भी लडेंगे" म्हणाले. मराठी सत्ता त्या दिवशी संपली.' हे पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे, म्हणूनच त्यातल्या चुका मला जास्त टोचतात.

आधी संक्रांत. लढाईची तारीख बरोबर आहे, पण संक्रांत काही 14 जानेवारीला कायमची बांधलेली नाही. इंग्रजी तारखांच्या हिशेबात ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. हल्ली ती मधूनमधून 15 तारखेला येते ती त्यामुळेच. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलात की संक्रांत 10 तारखेच्या आसपास येते. म्हणजे मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ यांची फौज यमुनेकडे निघाली, तेव्हा सण होऊन गेलेला होता. वाक्प्रचाराचं मूळ पंचांगातच दिसतं. संक्रांतदेवी कशावर बसून आली, काय नेसली, कुठून आली, कुठे चालली, कुठल्या दिशेला पाहते हे सगळं त्यात दिलेलं असतं. ती जिकडे पाहील तिकडे अनिष्ट. 'अमक्यावर संक्रांत आली' म्हणायला एवढं पुरेसं आहे.

दत्ताजींचं तर एका ओळीत सांगता येतं. ते 10 जानेवारी 1760 रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले, पानिपताच्या वर्षभर आधी. तो बाणेदार जबाब बखरीतून आला आहे आणि तो बुराडीचाच आहे.

सत्ता संपली? घाव भयंकर होता. विश्वासराव, सदाशिवराव भाऊ, जनकोजी शिंदे, तोफखान्याचे इब्राहिमखान गारदी, सगळे गेले. त्याच जूनमध्ये नानासाहेब पेशवेही वारले. पण त्याच रणातून एक तरुण पायाला जबर जखम घेऊन निसटला. राणेखान नावाच्या भिस्त्यानं, म्हणजे पखालीतून पाणी वाहणाऱ्यानं, त्याला वाचवलं, आणि पुढे तो राणेखानाला भाऊ मानत आला. हे महादजी शिंदे. अकरा वर्षांनी, 1772 च्या जानेवारीत, बादशहा शाह आलम मराठी फौजेच्या आधारानं दिल्लीत परतला, त्यात महादजी पुढे होते. हे गाळून पानिपत सांगणं मला त्या मेलेल्यांवरच अन्याय वाटतो.

पानिपत आपल्या बोलण्यात आहेच, त्याला जोडकामाची गरज नाही. निवडणुकीत धुव्वा उडाला की 'पानिपत झालं', भरवसा तुटला की 'विश्वास पानिपतात गेला'. आणि या सगळ्याहून जिव्हारी लागतं ते एका सावकाराचं पत्र. नानासाहेब कुमक घेऊन उत्तरेला निघाले होते. वाटेत जासूद सापडला, त्याच्याजवळ हे पत्र होतं. मजकूर सांकेतिक: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे चिल्लर: साधे शिपाई, बाजारबुणगे, ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. येत्या 14 जानेवारीला पुढे पाठवायचंच असेल, तर हे पत्र पाठवा.