जरा बाजूला सरा, सावली पडतेय

दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या प्रयोगशाळेला कुलूप लागतं, पण आतल्या जिवंत ऐवजाला सुट्टी नसते. तो मुलांच्या घरी वाटला जातो. नशीबवान घरांत गप्पी मासे गेले. आमच्या लेकीनं हात वर करून मागून घेतले ते बार्नॅकल. विज्ञानाच्या सरांनी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून ओल्या फडक्यात गुंडाळून, आंबा घाट चढवून सांगलीला आणलेला एक दगड आणि त्यावर चिकटलेले पांढरट, टोकदार फुगवटे.

"दगड पाळायला आणलाय?" सासूबाई म्हणाल्या.

लेकीनं व्याख्यान दिलं. हा प्राणी खेकड्या-कोळंबीच्या कुळातला. शास्त्रज्ञसुद्धा 1830 पर्यंत त्याला शिंपल्यांच्या बिरादरीत धरत होते. पिल्लू असताना हा पोहत हिंडतो. मग जागा पसंत करतो, डोक्याकडून स्वतःला तिथे कायमचं चिकटवून घेतो, भोवती कवच उभारतो आणि उरलेला जन्म पायांनी अन्न तोंडात लोटत काढतो. डोकं खाली, पाय वर आणि जागा सोडायची नाही, हे ऐकून ह्यांना ऑफिसातलं कुणीतरी आठवलं. नाव सांगितलं नाही.

खरी तऱ्हा पाण्याची. आम्ही सांगलीकर पाणी फुटांत मोजणारी माणसं. आयर्विन पुलाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 वर धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. पाण्यातलं मीठ मोजायची वेळ मात्र कधी आली नव्हती. लिटरला साधारण 35 ग्रॅम, तेही मत्स्यालयाचं वेगळं मीठ, स्वयंपाकघरातलं नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवायचं. शिवाय टाकीतलं पाणी कमी झालं की त्यात साधंच पाणी ओतायचं, खारं नाही, कारण पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. मला हे पटायला वेळ लागला. सासूबाईंना एका वाक्यात पटलं: "आमटी आटल्यावर आपण काय करतो?" ह्यांनी काचेवर पेनानं रेघ मारून शेजारी 'इशारा पातळी' असं लिहून टाकलं.

खाणं म्हणजे आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवलासा जीव. त्याची अंडी खाऱ्या पाण्यात घालून, खालून हवा सोडत ठेवायची. दुसऱ्या दिवशी पिल्लं निघतात, ती बार्नॅकलना वाढायची. म्हणजे पाहुण्याला जेवू घालायला आधी दुसरा पाहुणा जन्माला घालायचा! ओट्यावर एकीकडे चकलीची भाजणी, दुसरीकडे बुडबुडणारी बाटली.

हे सगळं मी केलं असतं हो, पण दाखवायचं काय? फराळाला आलेला प्रत्येक माणूस ताटली घेऊन टाकीवर वाकतो. त्याची सावली पडते. सावली म्हणजे शत्रू असा बार्नॅकलांचा हिशेब, त्यामुळे झडपा खटकन बंद. "हे काय, काहीच हलत नाही!" माणूस चिवड्याकडे वळला, की इकडे झडपा उघडून नाजूक पायांचे झुपके पाणी उपसायला लागतात. "या या, आत्ता बघा," म्हणावं तर तो पुन्हा वाकतो. आत्याबाईंनी तर निकालच दिला, "मेलेत ते. सरांना काय सांगायचं ते ठरवून ठेव."

एका सकाळी पाण्यावर पारदर्शक, पायांच्या आकाराची सालपटं तरंगत होती. मी थरथरत्या हातांनी फोटो काढून सरांना पाठवला. उत्तर आलं, "आतली कात टाकली आहे. तब्येत उत्तम. अभिनंदन!" यंदाच्या दिवाळीत माझं एवढंच कौतुक झालं.

डार्विननं ह्या प्राण्यांवर 1846 ते 1854 अशी आठ वर्षं काढली, तीही स्वतःच्या घरी. लेक ते मोठ्या अभिमानानं सांगते. मला मात्र त्याच्या बायकोची, एम्माबाईंची आठवण येते. आलेल्या-गेलेल्यांना त्या काय सांगत असतील?

शेवटी शेजारच्या अण्णांनी हट्ट धरला. दिवा पलीकडच्या बाजूला सरकवून लेकीनं त्यांना जमिनीवर आडवं केलं. अण्णा बराच वेळ नुसते पडून होते. मग एकदम ओरडले, "दिसलं! दिसलं! पाय हलवतंय की ओ!"

आम्ही टाळ्या वाजवल्या.

"पण ह्यांना कुणी खातं काय?" अण्णांनी विचारलं.

"ह्यांना नाही," लेक म्हणाली, "पण स्पेनमध्ये ह्यांचे जातभाई खातात. फार महाग असतात."

अण्णा आडवेच होते, पण दगडाकडे बघायची नजर पालटली. "काय किलो?"

"अहो अण्णा, उठा आधी," सासूबाई म्हणाल्या, "पाहुण्यांकडे असं बघतात होय!"