‘बास आहे म्हणून हलतोय’ हे मला परत कुणी सांगू नका

तीन महिने झाले राव. टर्नटेबलवर एलपी लावली की माझ्या स्पीकरचा वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा तो मोठा शंकूसारखा कोन, पंपासारखा आत-बाहेर आत-बाहेर का करतो, एवढा एकच साधा प्रश्न घेऊन फिरतोय, आणि या तीन महिन्यात भेटलेल्या प्रत्येक माणसानं एकतर मला काहीतरी विकलंय नाहीतर "त्यात काय एवढं, बास आहे म्हणून हलतोय" म्हणून वाटेला लावलंय. अरे कसला बास? विलंबित ख्याल चालू आहे, एक गायक, दोन तानपुरे, मागं हार्मोनियम आणि तबला. यात कुठून आला एवढा बास की साडेसहा इंची कोन लांबून खुर्चीत बसून डोळ्याला दिसेल इतका पुढं यावा? आणि गाण्याचं सोडा, पिन टेकवल्यावर गाणं सुरू व्हायच्या आधी जी मोकळी खाच असते ना, जिथं काहीही रेकॉर्ड केलेलं नाही, तिथंही कोन नाचतोय. तिथं कोण बास वाजवतंय ते तरी सांगा.

एलपी माझ्या सासऱ्यांच्या. अप्पांनी आयुष्यभर जमवलेल्या सत्तर-ऐंशी एलपी, साताऱ्याच्या घरात बरीच वर्षं स्वैपाकघराच्या माळ्यावर आडव्या, एकावर एक ठेवलेल्या होत्या. खाली गॅस, वर पत्रा, म्हणजे बऱ्याचशा थोड्या थोड्या वळल्यात. त्यांनी त्या विश्वासानं माझ्या हातात दिल्या, म्हणून मी नवीन टर्नटेबल घेतला, नवीन अँप घेतला, स्पीकर माझे आधीचेच. आणि पहिल्याच दिवशी बघतो तर हे. नुसतं दिसायला वाईट असतं तर डोळे मिटून ऐकलं असतं हो, पण तानपुऱ्याचा षड्ज हलतो. स्थिर राहतच नाही, पाण्यात प्रतिबिंब हलावं तसा थरथरतो, कारण ज्या कोनातून तानपुरा येतोय तोच कोन त्याच वेळी पुढं-मागं धावतोय. ज्यांना हे ऐकू येत नाही त्यांनी मला सांगू नये की फरक पडत नाही.

आता कोणी काय सांगितलं ते ऐका. पहिला एक दुकानदार. म्हणाला स्पीकर छोटे आहेत, त्यांना झेपत नाही, सबवूफर घ्या. सबवूफर! म्हणजे जो कचरा साडेसहा इंची कोन हलवतोय तोच दहा इंची कोनात ओतायचा आणि वर पैसे द्यायचे. मी तेव्हा घेतला नाही ते नशीब. दुसरा एक कारागीर, त्याला मी स्वच्छ सांगितलं की दादा, सीडी लावली, मोबाईलवरून वाजवलं, कितीही आवाज वाढवला तरी कोन व्यवस्थित असतात, फक्त एलपीला होतंय. त्यानं कोन दाबून बघितला, मान डोलावली, म्हणाला सराउंड, म्हणजे कोनाच्या कडेची लवचिक पट्टी, ढिलं पडलंय. दोन्ही वूफरचे कोन बदलले, साडेचार हजार घेतले. घरी आणून एलपी लावली, जसंच्या तसं. अरे स्पीकर खराब असता तर सीडीला पण दिसलं असतं ना! एवढी साधी गोष्ट आहे. चांगले, कंपनीचे मूळ कोन काढून त्यानं मला कुठलेतरी लावून दिले आणि मी ते घेऊन आलो, याचा राग अजून गेलेला नाही.

मग व्हिडिओ. हे व्हिडिओवाले सगळे परदेशात लाकडी फ्लोरिंगच्या घरात राहतात, त्यांच्याकडं माणूस चालला की फरशी हलते, फरशी हलली की टर्नटेबल हलतो, म्हणून त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं की टर्नटेबल जड दगडावर ठेवा. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आरसीसी स्लॅबवर राहतो, इथं उड्या मारल्या तरी पिन हलत नाही. तरी केलं. दोन फुटी कडप्पा कापून आणला, पॉलिश करून घेतला, खाली रबराचे पाय लावले, बायको आणि मी दोघांनी मिळून उचलून ठेवला, आणि काही म्हणजे काही फरक नाही. स्पीकर शोकेसवरून काढून वेगळ्या स्टँडवर नेले, नाही. जाड मॅट घेतली, नाही. रेकॉर्डवर ठेवायचं वजन घेतलं, वळलेल्या रेकॉर्डला जरा बरं, पण नाहीच.

यातली गोष्ट अशी आहे की हे सगळं घ्यायच्या आधी दोन मिनिटांची एक टेस्ट आहे आणि ती मला एकानंही सांगितली नाही. टर्नटेबल बंद ठेवायचा, थांबलेल्या रेकॉर्डवर पिन अलगद टेकवायची आणि आवाज हळूहळू नेहमीपेक्षा वर न्यायचा. कोन हलायला लागला किंवा घूं असा आवाज वाढत गेला तर खोलीतली कंपनं पिनपर्यंत पोचतायत, मग दगड, स्टँड, जागा बदलणं हे सगळं कामाचं. कोन शांत राहिला तर दगडाचा काडीचा उपयोग नाही. माझा कोन शांत होता. म्हणजे रोग फिरणाऱ्या रेकॉर्डमध्ये आणि टोनआर्ममध्ये, म्हणजे पिन धरणाऱ्या त्या दांडीत. हे कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तो कडप्पा आज आमच्या ओट्याला लागला असता.

शेवटी उलगडा झाला तो अप्पांमुळे. फोनवर सहज बोलताना त्यांना म्हटलं की तुमच्या एलपी नीट ऐकायला मिळत नाहीयेत, वूफर फार हलतो. ते पटकन म्हणाले, "अहो जावईबापू, ते फिल्टरचं बटण दाबलंत का?" मी म्हटलं कसलं बटण? ते म्हणाले, "सबसॉनिकचं. कानाला ऐकू न येणारं खालचं कापतं ते. अँपला असतं की." नाही हो अप्पा, माझ्या अँपला नाही. माझ्या अँपला ब्लूटूथ आहे, रिमोट आहे, मोबाईलचं ॲप आहे, निळा लाईट आहे. बटण नाही.

पुढच्या रविवारी साताऱ्याला जाऊन त्यांचा जुना जपानी अँप घेऊन आलो, ऐंशी सालच्या आसपासचा, धूळ पुसली, जोडला, तीच एलपी लावली. कोन नाचायला लागला. मोनोचं बटण दाबलं, नाच जवळजवळ थांबला. मोनो काढलं, परत सुरू. सबसॉनिक दाबलं, कोन थांबला. गाणं तसंच चालू, तबल्याचा बायाँ तसाच भरीव, आणि षड्ज जागेवर. तीन महिने मी जे शोधत होतो ते चाळीस वर्षं जुन्या अँपच्या पुढच्या पट्टीवर बोटाएवढ्या बटणात होतं. मला तिथंच इतका संताप आला की काय सांगू.

मग मी बसून सगळं वाचून काढलं आणि जे कळलं ते इथं सांगतो, कारण दुकानात कोणी सांगणार नाही. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. रेकॉर्ड वळलेली असेल तर पिन प्रत्येक फेऱ्यात वर-खाली होते, आणि हे वर-खाली होणं अर्ध्या हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हेलकावे) साधारण ६-७ हर्ट्झपर्यंत पसरलेलं असतं. कानाला २० हर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही, पण कार्ट्रिजला (टोनआर्मच्या टोकाची, पिन बसवलेली डबी) ते गाणं आहे की वळण हे कुठं कळतंय, ती सगळ्याचंच करंट करून पुढं पाठवते. त्यात एलपी कापताना बास मुद्दाम कमी करून कापलेला असतो आणि वाजवताना अँपचा फोनो भाग (टर्नटेबलचा बारीक सिग्नल मोठा करणारा) तो परत वाढवतो, १९५४ पासून हा आरआयएए कर्व्ह चालत आलाय, १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला जवळजवळ १९ डेसिबल वाढ, म्हणजे व्होल्टेज नऊ-दहा पट. आणि खाली ५-७ हर्ट्झला पण तो फिल्टर नसेल तर तेवढीच वाढ मिळत राहते. वळणाचा कचरा दहापट करून स्पीकरला! १९७६ मध्ये यावर उपाय म्हणून २० हर्ट्झपासून खाली उतरत जाणारी सुधारणा सुचवली गेली होती, तर ती काही कंपन्या मुद्दाम घालत नाहीत, का तर बास कमी होतो.

आणि माझे स्पीकर मागं भोक असलेले, पोर्टवाले. बंद पेटीत आतली हवा स्प्रिंगसारखी कोनाला धरून ठेवते. पोर्टवाल्या पेटीत पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो त्याच्या खाली गेलं की हवा भोकातून नुसती ये-जा करते, कोनाला धरायला कोणी नाही, मोकाट सुटतो. आज दुकानात जा, दहातले किती स्पीकर बंद पेटीचे मिळतात बघा.

मोनो दाबल्यावर का थांबलं? कारण स्टिरिओ रेकॉर्डमध्ये पिनचं उभं हलणं डाव्या-उजव्या चॅनलमध्ये एकमेकांच्या उलटं जातं, मोनोत ते दोन्ही एकत्र आले की कटतं. म्हणजे मोनोचं बटण हे फुकटातलं तपासणीचं हत्यार आहे, आणि ते पण बऱ्याच नवीन अँपवरून काढून टाकलंय.

आता सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट. टोनआर्म आणि कार्ट्रिज मिळून एक स्प्रिंग-वजनाची जोडी होते, तिचा स्वतःचा एक रेझोनन्स असतो, म्हणजे ज्या हर्ट्झला ती आपसूक जास्त हलते तो, आणि तो ८ ते १२ हर्ट्झच्या मधे यावा लागतो, वळणाच्या वर आणि गाण्याच्या खाली. गणित शाळेतलं आहे. आर्मचं इफेक्टिव्ह मास (हलताना पिनला जाणवणारं आर्मचं वजन), कार्ट्रिजचं वजन, स्क्रूचं वजन सगळं ग्रॅममध्ये मिळवा, कार्ट्रिजच्या कॉम्प्लायन्सनं (पिनची दांडी किती मऊ आहे तो आकडा) गुणा, वर्गमूळ काढा, १५९ ला त्यानं भागा. संपलं. पण आकडे मिळतील तर ना! टर्नटेबलच्या खोक्यावर लांबी-रुंदी आहे, रंग आहे, आर्मचं इफेक्टिव्ह मास नाही. मॅन्युअलमध्ये नाही. कंपनीला ईमेल केला तर उत्तर, सर्व स्टँडर्ड कार्ट्रिज चालतात. परत केला, तिसऱ्या आठवड्यात आकडा आला, १६ ग्रॅम. कार्ट्रिज ७, स्क्रू १, एकूण २४. आणि मला ज्यानं कार्ट्रिज विकली त्यानं "ही एकदम भारी, खूप नाजूक" म्हणून दिलेली, तिचं कॉम्प्लायन्स २५. करा हिशोब. ६०० चं वर्गमूळ साडेचोवीस, १५९ भागिले साडेचोवीस, साडेसहा हर्ट्झ. बरोब्बर वळणाच्या तोंडात! जड आर्मला मऊ कार्ट्रिज लावून दिली होती मला, आणि दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच बिलावर. तो माणूस रोज या वस्तू विकतो, त्याला हे एक वर्गमूळ काढता येत नाही?

त्यात कॉम्प्लायन्सचा आकडा पण सरळ नाही, कोणी १० हर्ट्झला मोजून देतं, जपानी कंपन्या बऱ्याचदा १०० हर्ट्झला देतात, आणि तो १० चा करायला दीड ते दोनपट धरावा लागतो. हे कुठं लिहिलेलं असतं? कुठंच नाही, शोधत बसा.

आता मी काय केलं. कमी कॉम्प्लायन्सची, १० ची कार्ट्रिज लावली, वजन तेवढंच, २४० चं वर्गमूळ साडेपंधरा, रेझोनन्स सव्वादहा हर्ट्झच्या आसपास. पिनचा दाब तिच्या कागदावर लिहिलाय तेवढा, काट्यावर मोजून. पोर्टमध्ये फोम घातला, बास थोडा आटोपशीर झाला पण कोनाला धरायला हवा आली. नाच निम्म्याहून खाली आला. उरलेल्यासाठी फिल्टर पाहिजेच, आणि इथं परत डोकं आपटायची वेळ, कारण फिल्टरची वेगळी छोटी पेटी मिळते पण ती लावायची कुठं? जुन्या अँपला टेप मॉनिटर असायचा, त्यातून सिग्नल बाहेर काढून परत आत घेता यायचा. माझ्या अँपला फोनो आत आहे आणि बाहेर काढायची वाटच नाही. म्हणजे पिनचा सिग्नल आत गेला की थेट स्पीकर. आता ज्या फोनोचे पैसे मी अँपमध्ये भरलेत तो वापरायचा नाही, आणि फिल्टरवाला वेगळा फोनो विकत घ्यायचा.

घेणार नाही. अप्पांचाच अँप लावलाय, त्याचे कॅपॅसिटर बदलून घेतो, नवीन अँप विकून टाकतो. फिल्टर, मोनो, टेप मॉनिटर, तिन्ही आहेत त्याला. अप्पा गणपतीला येणार आहेत, तोपर्यंत सगळं नीट लागलेलं पाहिजे.

आणि उद्या सकाळी दुकान उघडायच्या वेळेला त्या कारागिराकडं जाणार आहे, माझे मूळ कोन परत मागायला.