ब्रसेल्सचा ‘साहेब’ आणि निफाडची द्राक्षे

निफाड तालुक्यात द्राक्षबाग असलेल्या माझ्या मामांनी परवा एक व्हॉट्सॲप संदेश पाठवला आणि खाली लिहिले, “वाच. आपण उगाच फवारणीनंतरचे दिवस मोजत बसतो.” (औषध फवारल्यावर ठरावीक दिवस उलटल्याशिवाय द्राक्षे काढायची नसतात, ते हे दिवस.) संदेशाचा दावा असा, की युरोपीय महासंघातील 27 देशांचे सार्वभौमत्व संपले आहे, त्यांची सैन्ये ब्रसेल्सच्या, म्हणजे महासंघाच्या मुख्यालयाच्या, ताब्यात आहेत, आत गेलेल्या देशाला बाहेर पडता येत नाही आणि द्राक्षांतील औषधांच्या अंशाची मर्यादा तिथला कोणी साहेब मनाला येईल तशी ठरवतो.

बाहेर पडता येत नाही, हे लिहिणाऱ्याने ब्रिटनचे नाव ऐकलेले नसावे. महासंघाच्या कराराच्या अनुच्छेद 50 मध्ये बाहेर पडण्याची वाट लिहून ठेवली आहे आणि 2016 च्या सार्वमतानंतर ब्रिटन त्याच वाटेने 31 जानेवारी 2020 रोजी बाहेर पडला. सैन्याचे म्हणाल, तर राष्ट्रीय सुरक्षा ही केवळ सदस्य देशाची जबाबदारी, असे त्याच कराराचा अनुच्छेद 4 सांगतो.

घातक मुद्दा शेवटचा, कारण तो वाचून मामांसारखा जुना बागाईतदारही डगमगला. अंशमर्यादेचा 396/2005 हा नियम युरोपीय मतदारांनी थेट निवडलेली संसद आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद यांनी मिळून मंजूर केला. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. एकेका औषधाचा आकडा युरोपीय आयोग, म्हणजे महासंघाची कार्यकारी यंत्रणा, जाहीर करतो हे खरे. पण त्याआधी महासंघाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे शास्त्रीय मत घ्यावे लागते आणि प्रस्ताव सदस्य देशांच्या प्रतिनिधींच्या समितीपुढे ठेवावा लागतो. शिवाय महासंघ सोडल्यावरही ब्रिटनने हाच नियम स्वतःच्या कायद्यात ठेवला, मग तो कोणाचा हुकूम? 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी आपल्याकडचा माल युरोपात अडकला, ते वर्ष मामा विसरले असतील असे वाटत नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. जुलै 2015 मध्ये ग्रीसच्या सुमारे 61 टक्के मतदारांनी महासंघासह इतर कर्जदात्यांच्या अटी फेटाळल्या आणि पंधरवडाही उलटला नाही तोच त्यांच्या सरकारने कडक अटी पत्करल्या. तेव्हा सार्वभौमत्व सर्वांचे असले, तरी वजन सारखे नाही. पण डिसेंबर 2023 मध्ये युक्रेनसाठीचे 50 अब्ज युरो एकट्या हंगेरीने नकाराधिकार वापरून अडवले होते, हेही संदेशात कुठे नाही.

मामांच्या बागेत मण्यांत पाणी उतरू लागले आहे. दिवस त्यांनी मोजावेतच, आणि हा संदेश पिंपळगावच्या बागाईतदारांच्या गटात टाकला असेल, तर आजच पुसून टाकावा.