सीट हीटर ‘डायरेक्ट’ करू नका: फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

थंडी पडली की परभणी, जालना, संभाजीनगरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: गाडीचा सीट हीटर बंद पडला तर शोरूमला जाऊ नका, ते अख्खी सीट बदलायला लावतात. बहुतेक वेळा फ्यूजच उडालेला असतो. पंधरा अँपिअरचा काढून तीसचा टाका, परत उडणार नाही. तरी चालू झाला नाही तर सीटखालचं कपलर (वायरींचा जोड) कापून बॅटरीवरून लाइन डायरेक्ट करा. सीटमधला सेन्सर ही कंपनीची कमाईची युक्ती आहे, तो काढून टाका. आणि सगळ्यात शेवटी: घरातल्या शुगर, कंबरदुखीच्या ज्येष्ठांना रोज तासभर या सीटवर शेक द्या.

या शेवटच्या वाक्यामुळेच हे सविस्तर लिहितोय.

‘मराठवाड्यात कुणाला लागतो सीट हीटर’ असं म्हणून विषय उडवून लावू नका. परभणीचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकड्यावर येतो. महागड्या गाड्याही आपल्याला नव्या नाहीत. २०१० साली तेव्हाच्या औरंगाबादकरांनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. आता तर २०२३ च्या ह्युंदाई व्हर्नासारख्या गाडीतही वरच्या मॉडेलला तापणाऱ्या सीट मिळतात. शिवाय वॉरंटी संपलेल्या सेकंडहँड गाड्या बऱ्याच आहेत, आणि असे मेसेज जास्त खपतात ते त्यांच्याच मालकांत.

आता पहिला मुद्दा. मेसेज थेट फ्यूजवर उडी मारतो. हीटर खरंच बिघडलाय का, हे तो विचारतच नाही. सीटमधला हीटर तापमान बघून चालतो. साधारण चाळीस अंशांच्या आसपास गादी गेली की करंट तोडायचा, खाली आली की जोडायचा, असं त्याचं काम. आपल्याकडे काचा लावून दुपारभर उन्हात उभी राहिलेली गाडी हिवाळ्यातसुद्धा याच्या वर सहज जाते. अशा गाडीत बसून बटण दाबलं तर दिवा लागेल, पण हीटर तापणार नाही, आणि तापू नये हेच बरोबर आहे. तपासायचं तर सकाळी सहा-सातला, गाडी थंडगार असताना आणि इंजिन चालू करून तपासा. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असताना किंवा बॅटरी उतरलेली असताना हीटर चालूच होत नाही. पाच-दहा मिनिटं वाट बघा, मग गादीवर आणि पाठीवर वेगवेगळा हात ठेवून बघा.

दुसरा मुद्दा फ्यूजचा. फ्यूज उडालेला असू शकतो, हे खरं. पण पंधराच्या जागी तीसचा टाका, हा सल्ला अतिशय घातक आहे. पाती फ्यूजचे रंग ठरलेले असतात: लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. फ्यूज हीटरला वाचवायला नसतो, तो वायरिंगला वाचवायला असतो. वायर जेवढा करंट सोसेल तेवढ्याचाच फ्यूज कंपनी तिथे देते. निळ्याच्या जागी हिरवा बसवला म्हणून एरवी जास्त करंट जात नाही. म्हणूनच आठ दिवस सगळं ठीक दिसतं आणि लोक मेसेज पुढे ढकलतात. पण सीटखाली कुठे वायर घासून अर्धवट शॉर्ट झाली आणि पंचवीस अँपिअर जायला लागले, तर हिरवा फ्यूज शांत बसून राहतो. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. ती वायर कार्पेटखालून गेलेली, बाजूला फोम आणि रेक्झीन. मूळ नंबरचाच फ्यूज टाकल्यावर तो पुन्हा उडत असेल, तर तो तुम्हाला शॉर्ट शोधा म्हणून सांगतोय.

डायरेक्ट लाइनबद्दल बोलताना मला खरोखर काळजी वाटते, कारण हे काम अर्ध्या तासात करून देणारे आपल्याकडे सगळीकडे भेटतात. सीट आणि पाठ मिळून हीटर साधारण आठ-दहा अँपिअर ओढतो. डायरेक्ट केल्यावर त्याला चावी माहीत नाही, टायमर माहीत नाही, तापमान माहीत नाही. बटण चालू राहिलं तर पंचेचाळीस अँपिअर-तासांची बॅटरी सकाळपर्यंत झोपलेली असते, आणि हा त्यातल्या त्यात स्वस्त परिणाम झाला. पॅडमधली, म्हणजे सीटच्या कव्हरखाली तापणाऱ्या थरातली, तार कुठे मोडलेली असेल तर त्या मोडीवर ठिणगी पडते. काही पॅडमध्ये एकाऐवजी अनेक बारीक धागे असतात. त्यातले काही तुटले की उरलेल्यांवर भार येतो आणि तेवढीच जागा भाजेल इतकी तापते.

त्यात ‘कपलर कापा’! पुढच्या सीटखाली बहुतेक गाड्यांत पिवळ्या रंगाचं एक कपलर असतं. ते सीटमधल्या साइड एअरबॅगचं. त्याला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, मल्टीमीटर लावायचा नाही आणि कटर तर अजिबात नाही. सीटखाली हात घालण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, काही मिनिटं थांबा, मगच काम सुरू करा. जमत नसेल तर ते काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

सेन्सर ही कमाईची युक्ती नाही. सेन्सर खराब झाला की कंट्रोल युनिट हीटर बंद ठेवतं, कारण गादी किती तापली हे कळायचा दुसरा मार्ग त्याच्याकडे नसतो.

मग आपल्याकडे बिघाड होतो कुठे? नवी गाडी आली की आपण आधी सीट कव्हर शिवून घेतो. कव्हर ताणून बसवताना तारेच्या कड्या फोममध्ये खुपसल्या जातात, आणि त्यातली एखादी पॅडच्या तारेतून जाते. जाड फोमचं कव्हर असेल तर पॅड ठीक असूनही ऊब वरपर्यंत पोचत नाही. मागच्या सीटवरची पिशवी काढायला पुढच्या सीटवर गुडघा टेकवून वाकायची सवय पॅडचा जीव घेते. सगळा भार एका जागी येतो आणि तार मोडते. शेताच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीचं सीटखालचं कपलर एकदा बघा: आत काळ्या मातीची भुकटी, वॉशिंग सेंटरवर प्रेशरने मारलेलं पाणी मुरलेलं आणि पितळेच्या पिनांवर हिरवट थर. बऱ्याचदा तेवढं साफ करून नीट बसवलं की काम होतं. गाडी शेडमध्ये, कडब्याच्या गंजीशेजारी लावत असाल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही शोधा.

दोन्ही सीट बंद असतील तर फ्यूज, सप्लाय किंवा अर्थिंगची वायर बघा. एकच बंद असेल तर त्या सीटचं बटण, कपलर किंवा पॅड. हीटरचं कपलर (पिवळं नव्हे) सोडवून पॅडचा रेझिस्टन्स मोजा: काही ओहम दाखवला तर तार शाबूत, अमर्याद (मीटरवर OL) दाखवला तर मोडलेली.

आता शेकाबद्दल. मधुमेहात नसांवर परिणाम झालेल्या माणसाला चटका जाणवत नाही. कातडी भाजायला फार तापमान लागतं असंही नाही. १९४७ मध्ये अमेरिकेत मोरिट्झ आणि हेन्रिकेस यांनी केलेला अभ्यास आजही आधार मानला जातो. त्यानुसार ४४ अंशांचा सतत स्पर्श साधारण सहा तासांत भाजतो, ६० अंशांचा पाच सेकंदांत. सेन्सर काढलेली सीट या दोन आकड्यांमध्ये कुठे जाऊन थांबेल, हे कुणीच सांगू शकत नाही. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये मधुमेह, अर्धांगवायू, मणक्याची दुखापत, वार्धक्य आणि गुंगीची औषधं अशी नावं घेऊन इशारा दिलेला असतो. सीटवर पांघरूण किंवा उशी टाकू नका, असंही त्यात असतं. आपल्याकडे आजीला दवाखान्यात नेताना पहिल्यांदा सीटवर चौघडी गोधडी घातली जाते. माया असते ती, पण खाली हीटर चालू असेल तर गोधडी उष्णता कोंडते. शुगरच्या माणसासाठी हीटर लावायचाच असेल तर सगळ्यात कमीवर, थोडा वेळ, गाडी कोमट होईपर्यंत, आणि बटण दुसऱ्याच्या हातात. शेक कुठे आणि किती द्यायचा, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

मेसेजमधली एक तक्रार मात्र रास्त आहे. पॅड गेल्यावर अख्ख्या सीटचं एस्टिमेट हातात ठेवणारे असतात. बऱ्याच गाड्यांत गादीचं कव्हर उतरवून फक्त पॅड बदलता येतो. काहींत तो फोमला चिकटवलेला असतो, तेव्हा फोमसकट घ्यावा लागतो. एस्टिमेट घेताना गादीचा आणि पाठीचा पॅड सुटा मिळतो का, पार्ट नंबर काय, हे लेखी मागा.

ज्यांनी लाइन आधीच डायरेक्ट करून घेतली आहे, त्यांनी आज बॅटरीकडून आलेली ती जादा वायर बॅटरीच्याच टोकाला सोडवून तिच्या टोकाला टेप मारावा, फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिलेल्या नंबरचाच फ्यूज बसवावा आणि सीट तपासून होईपर्यंत हीटरचं बटण दाबू नये.